उभा प्रवासी म्हणजे

डब्याच्या भिंतीवर तेलाचे दोन पट्टे आहेत. एक बाकांच्या वर, खिडक्यांमधल्या पत्र्यावर, बाकावर बसलेल्याचं डोकं टेकतं तिथे. दुसरा दाराजवळच्या मोकळ्या भागात, पहिल्याहून हातभर खाली. तिथे बाक नाही. हा खालचा पट्टा वरच्यापेक्षा रुंद आणि काळा आहे, आणि हिवाळ्यात त्याच्यावर बारीक रुई चिकटलेली असते. जमिनीवर बसलेल्या बाईने मान मागे टाकली की तिचं डोकं बरोबर तिथे येतं.

संगीता राठोडने तो पट्टा कामाच्या पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. त्याची नोंद कुठे करायची ते तिला सापडलं नव्हतं, कारण नोंदीत तसा रकाना नव्हता.

तिचं काम गर्दी मोजण्याचं होतं. अमरावतीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर दोन वर्षं तिने एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, मग हे काम मिळालं. दर वर्षी तिच्या नेमणुकीची नवी ऑर्डर निघायची. यवतमाळहून संध्याकाळी सुटणारी दोन डब्यांची गाडी होती. रूळ सरकारचे, गाडी चालवायचा ठेका संगीताच्या सरकारी कार्यालयाने एका कंपनीला दिलेला. ठेक्यात गर्दीचं एक कलम होतं: मोकळ्या जागेत दर चौरस मीटरला सरासरी चारपेक्षा जास्त उभे प्रवासी आढळले, तर कंपनीने तिसरा डबा जोडायचा आणि त्याचा वाढीव खर्च कार्यालयाने द्यायचा. कलम वाचायला चांगलं होतं. गर्दी वाढली की डबा वाढेल, भांडायची गरज नाही, मोजणीच बोलेल.

मोजणी काही बोलत नव्हती. तीन हिवाळे झाले, सरासरी दोनच्या वर गेली नव्हती.

कारण या गाडीत फारसं कोणी उभं राहत नसे. जिनिंगमध्ये दिवसभर उभं राहून कापूस लोटणाऱ्या बाया डब्यात चढल्या की बाक भरलेले बघायच्या आणि सरळ खाली बसायच्या. पदर डोक्यावर, डबा मांडीत, पाठ भिंतीला. दाराजवळ, दोन बाकांच्या मधे, संडासाच्या पुढे. एक बसली की दुसरी तिच्या गुडघ्याला टेकून बसायची. तांड्यातल्या बाया, बौद्धवाड्यातल्या बाया, आर्णीकडून कामाला आलेल्या बाया, सगळ्याच. पुढच्या सावळी फाट्यावर कॉलेजच्या मुली चढायला यायच्या तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची. त्यातल्या निम्म्या खाली राहायच्या आणि काळी-पिवळी जीप शोधायला रस्त्याकडे चालू लागायच्या. खाली राहिलेल्यांनाही रकाना नव्हता.

ठेक्याच्या शेवटी व्याख्या दिल्या होत्या. ‘उभा प्रवासी म्हणजे मोजणीच्या वेळी पायांवर उभी असलेली व्यक्ती.’ हे ज्याने लिहिलं त्याने कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या गाड्या पाहिल्या असणार, जिथे गाडीत खाली बसायची कोणाची छाती होत नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा, असं संगीताला वाटे. आपण जे पाहिलेलं असतं तेच मोजायचं आपल्याला सुचतं.

तिने कार्यालयातल्या वामनरावांना हे सांगितलं होतं. वामनराव निवृत्तीला आले होते आणि कोणाला तोडून बोलत नसत.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण व्याख्या आहे ती आहे. पुढच्या ठेक्यात बघू.”

“पुढचा ठेका याच मोजणीवर ठरणार आहे ना, सर?”

“हो. म्हणून तर मोजणी नीट ठेवा.”

तिने मोजणी नीट ठेवली. तिच्याजवळ स्वतःचीही कारणं होती आणि ती खोटी नव्हती. मधेच व्याख्या बदलली तर आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, हे ती स्वतः मुलांना शिकवत आली होती. दुसरं म्हणजे खाली बसलेल्यांत अर्ध्या बाया तिच्याच तांड्यातल्या होत्या. राठोड मॅडमने आपल्या बाया मोजल्या, असं कोणी म्हटलं तर तिचे सगळेच आकडे संशयात आले असते. त्या अर्ध्यांत तिची आई होती.

आता ठेका संपत आला होता. नवा सात वर्षांचा होता.

महिन्याभरापूर्वी ती दाराजवळ उभी राहून मोजत होती. तिची आई सुखीबाई तिच्या पायाशी बसलेली. घरी मायलेकी तांड्याच्या गोरमाटी बोलीत बोलत, पण गाडीत चारचौघींना कळावं म्हणून सुखीबाई वऱ्हाडीत बोलायची.

“आज किती भरले वं?”

“याडी, मोजताना बोलू नको ना.”

“मले मोजलं का?”

“नाही.”

“काहून? तिकीट काढलं ना म्या.”

“उभ्यांनाच मोजतात.”

“अन् बाकावरच्याईले?”

“त्यांचे बाक आधीच मोजलेले आहेत.”

सुखीबाईने जरा विचार केला. “मंग मी कुठी हाय?”

पलीकडून लालीबाई चव्हाण ओरडली, “तू सामानात हाय, सुखीबाई! गाठोड्यायमंदी पाय, तिथंच सापडशीन!”

डबाभर बाया हसल्या. सुखीबाईही हसली, आणि हसता हसता तिने डोळे मिटले व तशीच झोपी गेली. संगीताने रकान्यात त्या दिवसाचा आकडा लिहिला. तो नियमाप्रमाणे बरोबर होता.

आज शेवटची मोजणी होती, आणि ती संयुक्त होती. म्हणजे कंपनीचा माणूस सोबत असणार, दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची. कंपनीतर्फे घनश्याम गुल्हाने आला होता. या मार्गाचा व्यवस्थापक, आर्णीचा, चाळिशीतला, डोळ्यांखाली काळं आलेला. सकाळी इंजिन बिघडल्यापासून तो स्टेशनवरच होता.

“मॅडम, एक सांगू?” गाडी उभी होती तेव्हा तो म्हणाला. “मी डबा नाही म्हणतच नाही. डबा यार्डात धूळ खात पडला आहे. पण कलमात बसल्याशिवाय जोडला, तर डिझेल माझं, गार्ड माझा, आणि तुमचं ऑफिस म्हणणार, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“आणि कलमात बसला तर?”

“तर ऑफिस पैसे देईल, आणि मग ऑफिसला वाईट वाटेल.” तो थकलेलं हसू हसला. “कोणाला तरी वाईट वाटल्याशिवाय डबा जोडला जात नाही.”

जिनिंगच्या बाया आल्या. लालीबाई सगळ्यांत पुढे, तिच्यामागे कौसल्या वाघमारे एका बाजूला झुकत चालणारी, मग सुखीबाई. सगळ्यांच्या केसांत, भुवयांवर रुई. त्या चढल्या. बाक भरलेले होते. संगीता आणि घनश्याम दाराशी उभे होते.

आणि कोणी खाली बसलं नाही.

बाया उभ्या राहिल्या. कोणी बाकाची कड धरली, कोणी एकमेकींचा खांदा. उभं राहायची सवय नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवायचा हेच कळत नव्हतं. गाडीने झटका देऊन सुरुवात केली तशा चार जणी एकमेकींवर गेल्या.

“धर वं! मले कायले धरतं, दांडी धर!”

“दांडी कुठी हाय? दांडी तं त्या लंबूच्या काखेत हाय!”

संगीताला क्षणभर काही समजलं नाही. मग तिने आईकडे पाहिलं. सुखीबाई खिडकीकडे तोंड करून उभी होती, अगदी ताठ, फोटो काढताना उभी राहायची तशी. उभ्यांनाच मोजतात. ते वाक्य या डब्यातून जिनिंगच्या ओट्यावर गेलं होतं आणि तिथून सगळ्या बायांकडे. संगीताने कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नव्हती.

मोजणी सावळी फाटा गेल्यावर करायची, असा नियम होता. तोवर थोडा वेळ होता.

तिने मनात हिशेब केला. या सगळ्या अशाच उभ्या राहिल्या, तर आजचा आकडा चारच्या वर सहज जाईल. पण एका दिवसाने हिवाळ्याची सरासरी हलणार नव्हती. आणि हलली असती तरी हा आकडा तिला खरा म्हणता आला नसता. ज्याला मोजलं जातंय हे कळलं आणि त्याने वागणं बदललं, ते मोजमाप बिघडलं. बसल्या असत्या तर आकडा खरा, आणि त्यात त्या नाहीत. उभ्या राहिल्या तर त्यात त्या आहेत, आणि आकडा खोटा. तीन हिवाळे ती या दोहोंच्या मधे थांबली होती.

कौसल्याने एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकला, मग परत पहिल्यावर. तिचे गुडघे सुजलेले होते, हे सगळ्या डब्याला माहीत होतं.

“बस ना वं कौसल्या,” मागून कोणीतरी म्हटलं.

“नाई. आज नाई बसत. माह्या एकीपायी आकडा कमी झाला तं तुम्हीच मले खासान.”

“अवं, पडशीन!”

“पडली तं पडली. पडलेली मोजते का, इचार तिले.”

हसू झालं, पण थोडंच. बायांना हसायलाही दम लागत होता.

घनश्यामने हे सगळं ऐकलं होतं. तो संगीताजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, हे तुम्ही सांगितलं का यांना?”

“नाही.”

“माझा विश्वास आहे. पण मला लिहावं लागेल, की मोजणी ठरवून केलेली दिसते. नाही लिहिलं तर उद्या कंपनी मला विचारेल. तुमच्यावरही येईल. या तुमच्याच गावच्या ना?”

“हो. ती खिडकीजवळची माझी आई आहे.”

घनश्यामने खिशातून रुमाल काढून मान पुसली, बाहेर बघितलं, परत आत बघितलं. “मग यांना बसवा,” तो म्हणाला. “रोजच्यासारखं. आपण मोजू, सही करू, घरी जाऊ. मी पण सकाळपासून जेवलो नाही.”

ते वाईट हेतूने बोललेलं नव्हतं.

सावळी फाटा आला. फलाटावर मुली दप्तरं पुढे धरून उभ्या होत्या. बाया उभ्या असल्यामुळे आज दाराशी जागा होती. मुली चढल्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि आत आल्यावर इकडेतिकडे बघू लागल्या, जणू चुकीच्या गाडीत चढलोय. त्यातली एक म्हणाली, “आज काय झालं?” शिट्टी झाली. गाडी हलली.

आता मोजायचं होतं.

लालीबाईने दुरूनच हाक मारली. तिचा आवाज नेहमीसारखा टोमण्याचा नव्हता. “संगीताबाई, सांगून टाक ना माय एक डाव. बसावं का उभं राहावं? आमचे पाय गेले आता.”

सगळा डबा तिच्याकडे बघू लागला. नुसत्या बाया नव्हे. बाकावरची माणसं, कॉलेजच्या मुली, घनश्याम. एकटी सुखीबाई बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती, मान ताठ. तिने खिडकीचा गज एका हाताने धरला होता आणि त्या हाताची नस दिसत होती. मुलीला आपल्या तोंडाकडे बघून उत्तर द्यावं लागू नये, यासाठी ती तशी उभी होती हे संगीताला कळत होतं.

तीन हिवाळ्यांतले आकडे नियमाने बरोबर होते. नियमाने बरोबर असलेल्या गोष्टीचा इतका थकवा कसा येतो, हे तिला आजवर नीट सांगता आलं नव्हतं. ते आत्ताही सांगता आलं नसतं. पण एक साधी गोष्ट सांगता आली असती, आणि ती साधी गोष्ट सांगायला कोणाचे गुडघे लागत नव्हते.

“बसा,” ती म्हणाली.

कोणी हललं नाही. घनश्यामने सुस्कारा सोडला. सुखीबाईने गज तसाच धरून ठेवला होता.

“कौसल्याबाई, तुम्ही आधी बसा. सगळ्या बसा, जशा रोज बसता तशा. मोजणीसाठी कोणी उभं राहायचं नाही.” मग ती घनश्यामकडे वळली. आवाज चढवला नाही, पण डब्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतका मोकळा ठेवला. “तुम्हाला जे लिहायचं ते तुम्ही लिहा, गुल्हाने साहेब. माझ्या सहीखाली मी असं लिहिणार आहे, की ज्या माणसाला बाक मिळाला नाही ते माणूस उभं आहे, ते खाली बसलेलं असलं तरी. आज मी यांना मोजणार आहे. सगळ्यांना.”