हीटरजवळची खुर्ची

वरच्या मजल्यावर लोक बनियनवर बसतात आणि खाली आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवतो. एकच इमारत, एकच बॉयलर, आणि ही तऱ्हा! तळघरातून निघालेली ऊब पाइपातून धावत वर जाते, तिथली मंडळी उकडतंय म्हणून खिडक्या सताड उघडतात, आणि आमच्या वाटणीची ऊब बाहेरच्या कबुतरांना देऊन टाकतात. मी मेट्रनबाईंना म्हटलं, "अहो, निदान त्यांच्या खिडक्यांना कुलपं तरी घाला." त्या म्हणाल्या, "आजी, वरचे म्हणतात भाजून निघालो, खालचे म्हणतात गारठलो. बॉयलर वाढवला की ते ओरडतात, कमी केला की तुम्ही. मी कुणाकुणाचं ऐकू?" त्यांचंही खोटं नव्हतं. पण म्हणून आमचे पाय काही गरम झाले नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग वर खोली मागायची. मागितली असती हो, पण यांना जिना चढवत नाही आणि इथली लिफ्ट म्हणजे लहरी सून, मनात आलं तर चालणार. म्हणून आम्ही दोघं तळमजल्यावरच राहिलो.

यांनी जन्मभर बेकरी चालवली. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून आयुष्य काढलेला माणूस. बाहेर बर्फासारखा गारठा असला तरी यांच्या अंगात बिनबाह्यांची बंडी आणि कपाळावर घाम. घरी आले की हात माझ्या गालाला लावायचे आणि म्हणायचे, "घे, तुझी इस्त्री आली." असा तो गरम हात. या वृद्धाश्रमात आलो आणि वर्षभरात सगळं उलटं झालं. यांना सदा थंडी आणि मला सदा उकाडा. इथे यांना सगळे 'पाववाले' म्हणतात. मला माझ्या माघारी 'मिरची' म्हणतात. कान शाबूत आहेत माझे, ऐकू येतं.

मागच्या हिवाळ्यात यांना न्यूमोनिया झाला. त्यातून कसेबसे उठले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "आजी, यांना गारठू देऊ नका. पुन्हा छाती भरली तर हे निभावणार नाहीत." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विचार नाही. शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी घातली. दाराच्या फटीला जुनं ब्लँकेट गुंडाळून लावलं. गरम पाण्याची पिशवी पायाशी, मोजे पायातही आणि हातातही. "पायमोजे हातात? मला माकड करून टाकलंस," असं हे म्हणायचे. मी म्हणायचे, "माकड तर माकड, जिवंत असलेलं बरं."

पण खोलीतल्या हीटरमध्ये जीवच नव्हता. हात लावला तर आजारी माणसाच्या कपाळाइतका कोमट. खऱ्या अर्थानं तापणारा हीटर खालच्या मजल्यावर एकच, बैठकीच्या हॉलमधल्या कोपऱ्यातला. बॉयलरचा पाइप तिथेच पहिल्यांदा वर येतो. त्या हीटरला लागून एक जाड गादीची, रुंद हातांची आरामखुर्ची. अख्ख्या तळमजल्यावरची सगळ्यात उबदार जागा. आणि ती रिकामी! बाकीची म्हातारी माणसं लांब लांब खुर्च्या टाकून, गुडघ्यांवर शाली घेऊन, कुडकुडत टीव्ही बघत बसायची, पण त्या खुर्चीकडे कुणी फिरकत नसे.

कारण काय, तर तिथे बसतो तो जातो.

ही अक्कल पोस्टमन भाऊजींची. आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. जन्मभर लोकांच्या घरोघरी बातम्या पोचवल्या, आता निवृत्त झाले तरी बातम्या पोचवायची खोड काही गेली नाही. त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं होतं, "वहिनी, तिथे शिंपी बसायचा, तो गेला. मग त्या नर्सबाई बसायला लागल्या, त्या गेल्या. मग वकील. चांगला दांडगा होता, पण बसला आणि आटोपला." मी म्हटलं, "भाऊजी, शिंप्याला कॅन्सर होता हे तुम्हीच सांगितलंत ना? नर्सबाई नव्वदीच्या होत्या ना?" तर म्हणे, "ते आहेच हो, पण तरीसुद्धा."

तरीसुद्धा म्हणे! इथली रीतच अशी, की ज्याला सगळ्यात जास्त थंडी सोसत नाही, जो सगळ्यात थकलाय, त्याला सगळ्यांनी मिळून मानानं त्या खुर्चीत बसवायचं. रीत चांगलीच आहे, नाही कोण म्हणतं? पण थकलेलाच माणूस तिथे बसवायचा, आणि तो गेला की खुर्चीला नाव ठेवायचं! याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. मी हे सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. मंडळींनी माना डोलावल्या, आणि आपापल्या शाली आणखी घट्ट ओढून घेतल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

लोकांचं जाऊ द्या. पण आमचेही तिथे बसेनात.

"अहो, तुम्ही कधीपासून असल्या गोष्टी मानायला लागलात? शनिवारी भट्टी पेटवू नका म्हणून तुमची आई ओरडायची, तेव्हा तिचं ऐकलंत का?"

"मी मानत नाही."

"मग बसा की!"

"नको."

"का नको?"

मी चिडले, रुसले, दोन दिवस धड बोलले नाही. हे आपले खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर, तोंड मिटून, ओठ निळे. तिसऱ्या दिवशी यांना खोकला सुरू झाला. त्या दुपारी खोलीत यांच्या छातीला तेल चोळताना माझा बांध फुटला. मी रडत रडतच म्हटलं, "माझ्यासाठी तरी बसा हो. एकटी काय करू मी इथे?"

तेव्हा कुठे हे बोलले. "अगं, मला खुर्चीचं भय नाही. तुझं आहे. पाव भट्टीतून काढायच्या आधी मी दार उघडून बघायचो ना, झाला की नाही म्हणून? त्या खुर्चीत बसलेल्याकडे इथे सगळे तसं बघतात. झाला का, झाला का. बाकीच्यांनी बघितलं तर बघोत. तू तसं बघायला लागलीस तर मला सोसणार नाही."

"मी नाही बघणार."

"बघशील. माणूस आहेस."

मी तेलाची बाटली बंद केली आणि रात्रभर तळमळत पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी सरळ हॉलमध्ये गेले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले. मी! जिला भर थंडीतही उकडतं ती. टीव्हीवरची बाई तेवढी एकटी बोलत राहिली.

पोस्टमन भाऊजी अर्धे उठले. "वहिनी, उठा तिथून. अहो, धडधाकट माणसानं बसायची जागा आहे का ती?"

"का? खुर्ची तुमच्या बापानं घेऊन ठेवलीय?"

"भलतंच काय! तुमच्या काळजीनं म्हणतो."

"काळजी तिकडे करा, त्या गारठलेल्या माणसाची," मी यांच्याकडे बोट दाखवलं. "मी मस्त आहे."

मस्त कसली! पाठीला आग लागली होती. केसांतून घामाच्या धारा, पायांचे तळवे जळजळायला लागले, डोकं भणभणायला लागलं. पण म्हटलं, आता उठले तर सगळंच फिसकटलं. मी विणकाम काढलं आणि बसून राहिले. दुपारी जेवायला उठले, परत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मेट्रनबाई थंड पाण्याचा पेला आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "आजी, हा काय हट्ट मांडलाय?" माझं तोंड टोमॅटोसारखं लाल झालं होतं. लोक चोरून माझ्याकडे बघायचे. झाली का, झाली का. यांचं म्हणणं खरं होतं. ती नजर काय असते ते मला तेव्हा कळलं. अंगावरून पाल गेल्यासारखं होतं.

आणि हे समोर, लाकडी खुर्चीवर. माझ्याकडे बघायचे, मान फिरवायचे, पुन्हा बघायचे. चौथ्या दिवशी मला घेरी आली. फार काही नाही, उकाड्यानं डोळ्यांपुढे अंधारी आली आणि विणायच्या सुया हातातून खाली पडल्या. डोळे उघडले तर हे समोर उभे. काठी टेकत तेवढा हॉल ओलांडून आले होते.

"ऊठ," म्हणाले.

"नाही उठणार."

"ऊठ म्हणतो ना! तुला या खुर्चीत नाही बघवत मला. ऊठ, मी बसतो."

मी उठले. काय सांगू, अख्ख्या संसारात एवढी घाई मी कधी केली नसेल. यांना धरून बसवलं, पाठीशी उशी दिली, पायांवर शाल टाकली. यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. "आहाहा," म्हणाले, "भट्टीच गं ही."

आणि मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पण तू बघायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

त्या दिवसापासून आमचे दिवस पालटले. खोकला उतरला. ओठांचा निळा रंग गेला. मी माझी खुर्ची यांच्या शेजारी, पण हीटरपासून जरा हटून टाकायची. उकडायचं मला, पण चालायचं. हे डावा हात माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवायचे, मी त्यावर माझा हात ठेवायची, आणि एक दिवस मला जाणवलं, की हा तोच हात आहे. इस्त्री. मी तो उचलून गालाला लावला. भाऊजींनी खाकरून तिकडे तोंड केलं. बघा मेलं, म्हातारपणी लाज काढली मी.

ऊब मिळाली तशी यांची जीभही सैल झाली. पीठ फुगतं कसं, बिघडतं कसं, एकदा पिठात साखरेऐवजी मीठ पडलं आणि गावभर लोक पाणी पीत कसे हिंडले, एकेक किस्से. ऐकायला माणसं जवळ सरकायला लागली. आधी भाऊजी, मग बाकीची. लांब लांब बसणाऱ्यांच्या खुर्च्या कोपऱ्याभोवती गोळा झाल्या. हिवाळा अर्धा सरला आणि पाववाले ठणठणीत. मी भाऊजींना टोमणा मारला, "काय, केव्हा जातायत हे? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती म्हणायचं ना?" ते म्हणाले, "वहिनी, हरलो बुवा तुमच्यापुढे."

आणि मी कबूल केल्याप्रमाणे बघत नव्हते. फार अवघड होतं हो. यांनी डुलकी घेतली की मान आपोआप वळायची. छाती हलतेय ना? एकदा मी अशीच चोरून बघत होते आणि हे मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "बघतेस." मी म्हटलं, "छे! भिंतीवरचं घड्याळ बघत होते." हसले. "डोळे मिटले तरी मी आहे, एवढं लक्षात ठेव. आणि तुझं विणकाम चुकतंय." तेव्हापासून मी मान वर करणंच सोडलं. यांनी डोळे मिटले की मी विणकामात तोंड खुपसायची, आणि अधूनमधून एक हात यांच्या हातावर. हात गरम आहे ना, मग झालं. अख्खा हिवाळा मी देवाकडे एवढंच मागितलं होतं, यांचा हात गरम राहू दे.

थंडी ओसरायच्या सुमाराची दुपार होती. यांनी मिठाच्या पावाचा किस्सा पुन्हा सांगितला, सगळे पुन्हा हसले, आणि यांनी डोळे मिटले. मी खाली मान घालून स्वेटरची बाही विणत होते. मधूनमधून यांचा हात चाचपत होते. गरम होता. बाही पुरी झाली, मी उसवून पुन्हा विणायला घेतली, कारण काखेशी चुकली होती. हात गरम होता. भाऊजी येऊन समोर उभे राहिले. मी म्हटलं, "हळू, झोपलेत ते."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा बघा त्यांच्याकडे."

हात गरमच होता हो. हीटरची धग लागत होती ना त्याला.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेतच, छातीचा काही संबंध नाही, यांना काही कळलंसुद्धा नसेल. मुलगा आला, सगळं पार पाडून गेला. मला बरोबर चल म्हणाला. मी नाही म्हटलं.

खुर्ची पुन्हा रिकामी. माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन पुन्हा लांब सरकली. मेट्रनबाई म्हणाल्या, "आजी, ही खुर्ची अडगळीत टाकू का?" मी म्हटलं, "खबरदार!" आणि तेवढ्यात जाता जाता थंडी उलटली, दोन दिवस असा गारठा पडला की दात वाजायला लागले. पोस्टमन भाऊजी दारात उभे होते, हात काखेत घालून, थरथरत. खुर्चीकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

"बसा," मी म्हटलं.

"नको वहिनी. त्यांची जागा ती."

"त्यांची होती म्हणूनच म्हणते. मुकाट्यानं बसा, नाहीतर मी बसेन पुन्हा."

ते बसले, अगदी कडेला, पाहुण्यासारखे. मी उशी दिली, शाल दिली, तीच. मग माझी खुर्ची ओढली. शेजारी नाही, समोर टाकली. विणकाम पिशवीत घालून पिशवी बाजूला ठेवली.

"भाऊजी," मी म्हटलं, "मी तुमच्याकडे बघणार आहे. राग मानू नका."

ते हळूहळू मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघत बसले.