बिडकीनवर थांबलेलं इंजिन

पुंडलिकनगरच्या साहेबरावांनी उभी हयात एसटीचं स्टेअरिंग धरलं, पण विमानात ते आज पहिल्यांदाच बसले होते. चालवत होती त्यांची लेक प्रेरणा. फाल्गुनातली सकाळ. नाथसागराचं पाणी धुक्यात असं मिसळलं होतं, की आभाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं.

बिडकीनवर आले आणि इंजिनाला ठसका लागला. मग त्याची घरघर विरत विरत गेली. प्रेरणानं इंधनाची टाकी बदलली, पंप लावला, पुन्हा सुरू करून पाहिलं. काही नाही. समोरचा पंखा वाऱ्यावर नुसता आळसात फिरत राहिला.

"वा! किती शांत वाटतंय," साहेबराव हसले. "मला दाखवायला बंद केलंस व्हय?"

"नाही पप्पा. बंद पडलंय. उतरावं लागेल."

त्यांनी गुपचूप चष्मा काढून खिशात ठेवला.

तिनं विमानाचं नाक जरा झुकवलं, वेग राखला, रेडिओवर जागा कळवली. आता फक्त वाऱ्याची बारीक शीळ. खाली औद्योगिक वसाहतीचे रुंद, रिकामे रस्ते होते. तिला मोह झाला, पण दोन्ही कडांना दिव्यांचे खांब! पलीकडं हरभरा काढलेलं लांबट रान दिसलं. ती तिकडं वळली. भीती कशी वाटत नाही, याचंच तिला नवल वाटत होतं. हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात चाललं असावं तसं.

बाभळी चाकांखालून गेल्या. ढेकळं जवळ आली. साहेबरावांचा पाय आपसूक ब्रेक शोधत त्यांच्या पुढ्यातल्या पेडलकडं सरकला.

"पाय मागं, पप्पा!"

धप्प! एक उसळी, धुरळा, दुसरी उसळी, आणि विमान बांधाच्या अलीकडं तिरपं होऊन थांबलं.

"दोघंही सुखरूप," तिनं रेडिओवर शांतपणे सांगितलं. मग दोघं खाली उतरली. साहेबरावांनी तिला बांधावर बसवलं, तिचे हात धरले.

"भिऊ नको बाळा," ते म्हणाले आणि स्वतःच रडायला लागले.

ज्यांचं हे रान, त्या सारजाबाई बांधापलीकडून पाण्याची कळशी घेऊन धावत आल्या. "आवाज नाय, काय नाय! मला वाटलं, एवढी मोठी घार कुठनं आली? प्या आधी."

दोघं ओंजळीनं पाणी प्यायली. सारजाबाई विमानाकडं बघत राहिल्या.

"वरून आमचं रान दिसतं का गं?"

"दिसलं म्हणून तर आलो, मावशी."

सारजाबाईंनी वळून आपल्या रानाकडं पाहिलं, अगदी सावकाश, या बांधापासून त्या बांधापर्यंत.