मऊ केलेली जमीन

जमीन किती टणक धरायची हे शिहोने ठरवायचं होतं. जपानमधल्या सेंदाईच्या प्रयोगशाळेत तिचं कामच ते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाला आधी संगणकात चालवून पाहायचं आणि त्यावरून त्याच्या घोट्याचा पट्टा किती ताठ हवा ते सांगायचं. पाऊल टेकलं की जमिनीने ते किती जोराने परत ढकलायचं, हेही आकड्यांनीच सांगावं लागे. खरीखुरी टणक जमीन धरली, तर संगणकातला माणूस टाच टेकताच बेडकासारखा उडायचा आणि गणित बंद पडायचं.

इवाबुचीकाकांच्या वेळी असं सोळा वेळा झालं. काका सत्त्याहत्तर वर्षांचे, जन्मभर सुतारकाम केलेले, महाहट्टी. त्यांना एवढंच हवं होतं, की रोज सकाळी आपल्या पायांनी आतल्या खोलीत जाऊन बायकोच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावावी.

"मुलीच्या खांद्याला लटकून गेलो तर हसेल ती मला," ते म्हणायचे. "चाळीस वर्षं हसलीच आहे. आता पुरे."

"अगं, जमीन थोडी मऊ कर," प्रयोगशाळेचे प्रमुख नागुमो सर शिहोला म्हणाले. "सगळेच करतात. माणूस चालला म्हणजे झालं."

तिने केली. माणूस चालला, चाळीस पावलं, अगदी झोकात. तिचा जीव भांड्यात पडला. त्या चालण्यावरून पट्टा ठरला आणि काका तो बांधून घरी गेले.

तेविसाव्या दिवशी आतल्या खोलीच्या उंबऱ्याला पाय अडखळून काका पडले. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं, मग न्यूमोनिया झाला. महिन्याभरात गेले.

शिहोने ते चालणं संगणकावर पुन्हा लावलं, या वेळी जमिनीलगत डोळा नेऊन. पुढे येणारा पाय जमिनीच्या वरून जातच नव्हता. बोटं अकरा मिलिमीटर खालून, चिखलातून जावीत तशी जात होती आणि मऊ जमीन त्यांना अडवत नव्हती. चित्रातल्या जमिनीच्या जाड रेघेआड ते झाकलं गेलं होतं. आकड्यांत मात्र पहिल्यापासून होतं. तिला स्वतःची किळस आली.

काकांची मुलगी चिसातो पट्टा परत द्यायला आली. पट्टा धुऊन रुमालात बांधलेला, सोबत मिठाईचा डबा.

"तुम्हाला फार त्रास दिला आम्ही," म्हणत ती कमरेत वाकली.

शिहोने डब्याला हात लावला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, असंही म्हणाली.



"मला ऐकू यायचं," चिसातो म्हणाली. "रोज सकाळी बोटं चटईवर घासायची. मी म्हटलं, प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन करते. तर माझ्यावरच खेकसले. तिने मला संगणकात चालवून पाहिलंय, म्हणाले, तुला काय कळतं. पडण्याआधीच्या आठवड्यात तर रंधा घेऊन उंबऱ्यापाशी बसायचे. बाईंचं गणित बरोबर आहे, आपला उंबराच उंच आहे, म्हणून तासत बसायचे."

"किती तासला?" शिहोने विचारलं.

चिसातोने दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. अर्धा सेंटिमीटर असेल.

"अजून तेवढाच तासायचा राहिला होता," ती म्हणाली.