सहावा कप

बाबांनी कप डाव्या तळहातावर ठेवला, उजव्या हाताच्या नखाने कडेवर हलकी टिचकी मारली आणि कान पुढे केला. टिण्ण असा बारीक आवाज निघाला आणि बराच वेळ रेंगाळला.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले. "तडा असता तर ठप्प वाजला असता."

"ऐकलं."

"उजेडाकडे धर. पलीकडून बोटं दिसतात की नाही?"

मी कप खिडकीकडे धरला. बोटं दिसत होती. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर निळी वेल, कडेला सोन्याची बारीक रेघ, तळाला बाकीच्या पाचांसारखाच फिकट शिक्का. बाबांनी एकतीस वर्षं शोधलेला सहावा कप कुरिअरच्या खोक्यातून, भुश्शातून, शेवटी आमच्या टेबलावर आला होता.

बाबांचं सगळं आयुष्य विजेचे मीटर तपासण्यात गेलं. मीटर जरासा जरी पुढे पळाला तरी ते त्याला पास करत नसत, आणि घरात आम्हालाही. त्यांना दुसरं कसलंही व्यसन नव्हतं. भंगारवाले, बंद पडलेली हॉटेलं, मोडीत निघालेली घरं, सगळीकडे हिंडून त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा हा चहाचा सेट एकेक नग करून जमवला. किटली एका शहरातली, दुधाचं भांडं दुसऱ्या शहरातलं, बश्या तर चार ठिकाणच्या. आईचं म्हणणं एकच असायचं, "अहो, एकदा तरी यातून चहा पिऊ या ना." आणि बाबांचं उत्तरही एकच, "सेट पूर्ण झाला की."

मी नऊ वर्षांची असताना तो पूर्ण होत आला होता. फक्त साखरेच्या भांड्याचं झाकण यायचं होतं. आईने कोणाकोणाला चहाला बोलवायचं तेही ठरवून ठेवलं होतं. एका दुपारी बाबा कामावर आणि कपाट चुकून उघडं. मी बाबांसारखा एक कप तळहातावर घेतला आणि टिचकी मारली. माझं नख मऊ, आवाजच येईना. म्हणून मी चमचा घेतला.

आईने तुकडे उचलले, माझी बोटं तपासली आणि म्हणाली, "तू काही बोलायचं नाहीस. कळलं?" संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, पुसताना हातून निसटला. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चार महिने तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना मला सांगायचे, "आईला म्हणावं, मीठ कमी आहे." आई समोरच बसलेली असायची. मी निरोप पोचवायची, आणि खरं काय ते सांगायची नाही.

पुढे ते बोलू लागले. पण कपाटाची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून त्यांच्या शर्टाच्या खिशात गेली ती गेलीच. दर महिन्याला ते कपाट उघडत, आई नग खाली काढी, पुसी आणि माझ्या लहानपणच्या झबल्यांचे मऊ तुकडे मधे घालून पुन्हा रचून ठेवी. झाकण मिळालं, पण कप मिळेना. "पाच आहेत ना, त्यातच पिऊ," असं मी मोठी झाल्यावर एकदा म्हटलं होतं. "अपुरा सेट म्हणजे नुसती भांडी," बाबा म्हणाले. आईने वाट बघायची सवय लावून घेतली होती.

गेली दोन वर्षं ती एकेक गोष्ट विसरत चालली आहे. आधी रस्ते विसरली, मग गॅस, मग माझ्या मुलांची नावं. गेल्या हिवाळ्यात बाबांना विसरली.

"आज तिला यातून चहा द्यायचा," बाबा मला म्हणाले. "म्हणून तुला बोलावलं."

चहा त्यांनी स्वतः केला. किटली आधी कोमट पाण्याने विसळली, मग गरम पाण्याने. एकदम उकळतं ओतलं तर माती तडकते म्हणून. सहाही कपबश्या मांडल्या, चहा ओतला मात्र एकाच कपात, सहाव्या. बशीत पडलेला एक थेंब त्यांनी लगेच रुमालाने टिपला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण कीवच आली.

मी आईला आतून आणून टेबलाशी बसवलं.

"अगं बाई!" ती बाबांकडे बघून म्हणाली. "भाऊ, तुम्ही कधी आलात?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. ती त्यांना भाऊ म्हणाली की ते असंच करतात.

"आत्ताच," ते म्हणाले. "चहा घ्या."

आईने कपाकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "हे कोणी काढलं? नको नको. हे आमच्या ह्यांचं आहे."

"त्यांनीच सांगितलंय. तुम्हाला द्यायला."

"छे! ते कसले सांगतायत." ती खुर्चीत पुढे सरकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही, भाऊ. मागे आमच्या पोरीनं एक फोडला. एवढीशी होती हो. मी म्हटलं, माझ्या हातून फुटला. चार महिने बोलले नाहीत माझ्याशी. पोरीशी नसते बोलले तर ती झुरली असती. तिचं नाव सांगू नका हं त्यांना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. चाळिशीची बाई मी, आणि चमचा अजून हातात असल्यासारखी उभी होते.

मग बाबा म्हणाले, "नाही सांगणार."

"शपथ?"

"शपथ."

तिला हायसं वाटलं. तिने दोन्ही हातांनी कप उचलला, आतला चहा आपल्या रोजच्या प्लास्टिकच्या मगात ओतला आणि मोरीकडे निघाली. बाबा तिच्या बाजूने, तिच्या हातांखाली आपले हात धरून चालत होते. कपाला मात्र त्यांनी हात लावला नाही. तिने तो धुतला, पदराने टिपला, नखाने टिचकी मारली आणि कान लावला.

"नाही, तडा नाही," ती म्हणाली.

सहाही कपबश्या तिने कपाटात रचल्या. एकही चुकली नाही. बश्यांमध्ये झबल्यांचे तुकडे, कपांचे कान एकाच बाजूला. माझं नाव तिला आठवत नाही, पण हे आठवतं. आम्ही तिला हेच शिकवलं, दुसरं काही राहू दिलं नाही.

"फुटला असता तर फुटला असता," बाबा भिंतीकडे बघून पुटपुटले. ते कोणी ऐकलं नाही. म्हणजे मी ऐकलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

आईने कपाटाचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"कुलूप राहिलं. किल्ली त्यांच्याकडे असते. भाऊ, ते येईपर्यंत बसाल का हो? मला एकटीला भीती वाटते त्यांची."

"बसतो," बाबा म्हणाले.

मी तिला खुर्ची दिली आणि हातात तिचा प्लास्टिकचा मग दिला. चहा गार झाला होता, तरी ती पीत राहिली. बाबांनी दुसरी खुर्ची ओढली आणि कपाटापाशी, तिच्या शेजारी बसले. काळा दोरा त्यांच्या खिशातून बाहेर लोंबत होता. त्यांनी तो हळूच आत सारला, आणि दोघंही घराच्या दाराकडे बघत बसले.