सोळा नंबरचा कॅमेरा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर दिघे यांना सगळं दिसतं. कोणाच्या बाल्कनीत काय वाळतंय, तेसुद्धा. तरी समाधान होईना म्हणून त्यांनी सोळा कॅमेरे बसवले. प्रत्येक भिंगाभोवती स्वतःचे दिवे, म्हणजे अंधारातही काही सुटायला नको. झकास!

गेल्या गुरुवारी पहाटे येऊरच्या डोंगरावरून असलं धुकं उतरलं की समोरची बिल्डिंगच गायब. आणि त्यात कोणीतरी गेटजवळचं तुळशी वृंदावन आडवं केलं. रविवारी सकाळी मीटिंग भरली. आरोपी आधीच ठरलेला होता, आमचा वॉचमन गुणाजी. बारा वर्षं पंपाशेजारच्या खोलीत राहतो. नोकरी गेली की बिचाऱ्याचं छप्परही जाणार.

"यानेच कचऱ्याची ढकलगाडी आदळली," दिघे म्हणाले.

"नाय ओ साहेब," गुणाजी म्हणाला. "पाठीमागे पंप लावी होतंय. धाडकन आवाज इलो. धावत इलंय तर तुळस आडवी."

"चोराच्या उलट्या बोंबा!" दिघ्यांनी ठराव वाचला, "तुळस पाडून गप्प बसणाऱ्याला या सोसायटीच्या कोणत्याही कामावर ठेवायचं नाही. करा हात वर."

सगळे हात वर. माझाही. वाक्य चांगलं होतं ना!

मग मी म्हटलं, "आता पुरावा दाखवा."

दिघ्यांनी अगदी खुशीत पहाटे साडेपाचचं चित्रण लावलं. पंधरा कॅमेरे, पंधरा पांढऱ्या चादरी. बाकी काही नाही.

"धुक्यापुढे कोणाचं काय चालतं, अनुपमाताई?" दिघे हळहळले.

अहो, मी तीस वर्षं घाटकोपरच्या शाळेत विज्ञान शिकवलंय. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. दिवा डोळ्याला चिकटून असला की त्याचा उजेड त्या थेंबांवर आपटून विखुरतो आणि बराचसा आपल्याच डोळ्यात परत येतो. दिवा जेवढा मोठा, तेवढे आपण आंधळे. म्हणूनच धुक्यात हेडलाइट फुल मारू नये. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. दिघे मध्येच ग्लासभर पाणी प्यायले.

"सोळावा लावा," मी म्हटलं.

"तो दिवाळीपासून बिघडलाय."

"त्याचे दिवे गेलेत हो. कॅमेरा चालू आहे." आणि माउस मीच हातात घेतला.

सोळाव्याजवळ स्वतःचा उजेडच नव्हता, त्यामुळे डोळ्यात परत यायलाही काही नव्हतं. बाजूच्या खांबावरच्या दिव्यात चित्र धूसर होतं, पण ओळखण्याइतकं स्पष्ट. एक गाडी, हेडलाइट फुल, सरळ वृंदावनावर. आमचे सेक्रेटरी खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं, पडलेल्या तुळशीला चप्पल काढून मनोभावे हात जोडले आणि गाडीत बसून निघून गेले.

मी चित्र मागे नेलं आणि त्या जोडलेल्या हातांवर थांबवलं.

"तो कॅमेरा सदोष आहे," दिघे पुटपुटले. "त्यावर विश्वास ठेवता येणार नाही."

दाराशी उभ्या गुणाजीने टोपी काढली आणि अगदी अदबीने विचारलं, "साहेब, हात तर सगळ्यांनी वर केल्यानी. मगे आता काढूचा कोणाक?"