महिपतच्या बोटाचा कोन

मित्रांनो, कंपासपेटीतल्या कोनमापकाला तुम्ही ओळखता. मी त्याचा दवाखान्यातला भाऊ, बोट किती वाकते ते मोजणारा एक जुना कोनमापक. अंगावरचे निम्मे आकडे पुसट झालेत, तरी खोपटच्या आमच्या दवाखान्यात माझाच शब्द शेवटचा मानतात. याचा मला फार तोरा होता.

इथल्या शुभदा मॅडम हातांचे उपचार शिकवतात. शिकाऊ मुलांना त्या पहिल्याच दिवशी बजावतात, की हुशारी मागाहून बघू, आधी चूक कबूल करता येते का ते मी बघते. शिकाऊ अंतराने ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतले होते.

कोलशेतच्या कारखान्यात पत्रा कापताना महिपतचे बोट वाकवणारी आतली शीर, म्हणजे कंडरा, तुटली होती. ती शिवून तीन आठवडे झाले होते. बोट बरे झाले तरच कामावर परत घेणार होते. तोवर आधाराची पट्टी काढून मूठ आवळायला सक्त मनाई होती. पण शनिवारी परीक्षेत अंतराची फाईल तपासली जाणार होती आणि बोट वाकण्याचा आकडा काही हलत नव्हता. शुक्रवारी तिने पट्टी सोडली आणि मला बोटावर टेकवले.

"काका, थोडा जोर लावा ना. उद्या माझी परीक्षा आहे."

तिच्याएवढीच मुलगी घरी असलेल्या महिपतने दात आवळून जोर लावला. सत्तर अंश. मग आत काहीतरी तटकन तुटले आणि बोट सरळ झाले ते झालेच. अंतराने फाईलमध्ये सत्तर लिहिले, पट्टी बांधली आणि मला पुसून ठेवले.

शनिवारी मॅडमनी आकड्याचे कौतुक केले आणि पट्टी काढली. बोट हलेना. काय उचललेत, असे त्यांनी दरडावून विचारले. अंतरा खाली बघत राहिली. महिपतने एकदा तिच्याकडे पाहिले.

"कळशी उचलली मॅडम. आमच्या दिवा गावात पाण्याचे हाल आहेत."

मग सगळ्यांसमोर त्याला जे काही ऐकवले गेले, ते मी सांगत नाही. दुसरे ऑपरेशन झाले, बोट वाकले नाही आणि नोकरीही गेली. अंतरा पहिली आली, तीही माझ्या आकड्यावर.

मित्रांनो, मला कुणी जपले नाही तरी चालेल. पण तुमच्या चुकीची बोलणी दुसरा खात असेल, तर गप्प बसू नका. मला तोंड नव्हते. तिला होते.