उजव्या चाकावरची सहाची स्प्रिंग

मी सहाची स्प्रिंग बोलतेय. तलवाड्याच्या अमरसिंहदादांच्या चंदेरी दोनसीटी गाडीत, उजव्या मागच्या चाकावर माझी जागा आहे. दादा गाडी चालवायला बसले की त्यांचा सगळ्यात जास्त भार माझ्याच अंगावर येतो. ही तक्रार समजू नका. मला त्याचा अभिमान आहे.

'सहाची' म्हणजे काय ते आधी सांगते. माझ्यावर सहा किलो वजन ठेवलं की मी एक मिलिमीटर दबते. साठ ठेवलं की दहा. आज दाबा नाहीतर पाच वर्षांनी दाबा, माप तेच.

एका कारखान्यात पोलादाची तार दांड्याभोवती गुंडाळून मला घडवलं. मग भट्टीत घातलं. मग बारीक छर्ऱ्यांचा असा मारा केला की अंग सोलून निघावं. त्यानं म्हणे अंगाला तडे जात नाहीत. शेवटी निळा रंग चढला, आणि पांढऱ्या अक्षरात आकडा उमटला. त्या दिवशी मला वाटलं होतं, आता कुणीतरी मला हातोहात उचलणार.

तसं काही झालं नाही. पुण्यातल्या एका दुकानाच्या फळीवर मी दोन दिवाळ्या काढल्या. माझ्या शेजारी दहाच्या, बाराच्या, चौदाच्या बहिणी होत्या. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "सगळ्यात कडक दाखवा." माझा आकडा वाचून एक जण हसला आणि म्हणाला, "ही आज्जीच्या गाडीला लावा." त्याला हे माहीत नव्हतं की स्प्रिंगलाही ऐकू येतं.

मग एका दुपारी सत्यशीला आली. चाळिशीची, काटक बाई. नखांत काळं ग्रीस. तिनं मला काउंटरच्या काचेवर उभं केलं, वाकून दोन्ही टोकं सपाट बसतात का ते पाहिलं आणि म्हणाली, "मागं ह्या दोन सहाच्या. पुढं दोन आठच्या."

दुकानदार म्हणाला, "तुम्ही तर रेसची गाडी म्हणालात."

"हो. पण रेस धारूरच्या घाटात हाय."

बीडला पोचल्यावर ती घरी गेलीच नाही. आम्हा चौघींसकट जीप तिनं थेट मोंढ्यात, मल्लिकार्जुनअप्पांच्या आडतीच्या दारात नेली. धान्य मोजायचे चार वजनकाटे दोन दिवसांसाठी द्या म्हणाली. अप्पांनी विचारलं, "चार कावून? एकावर भागत न्हाई का?" तेव्हा तिनं जे सांगितलं, त्यातून मला सगळी हकिगत कळली.

सत्यशीला नऊ वर्षं चाकणला एका कारखान्यात शॉकअप तपासायच्या खात्यात होती. परत येऊन तिनं बीडच्या बायपासला स्वतःचं वर्कशॉप काढलं. उसाच्या ट्रॉल्या, जीपा, जे येईल ते ती करायची. हळूहळू तिचं नाव झालं होतं.

त्यात अमरसिंहदादा आले. तलवाड्याचे मोठे बागायतदार, एकेकाळचे सभापती, वय बावन्न. तरुणपणी रेसचा नाद होता, तो वडिलांपुढे दाबून टाकलेला. आता ही जुनी जपानी गाडी घेतली होती, आणि बीडच्या एका मोटर क्लबानं धारूरच्या घाटात चढाईची स्पर्धा ठेवल्यावर नाव नोंदवलं होतं. रस्ता बंद ठेवायचा, एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावून वेळ मोजायची. दादा येताना स्वतःच चौदाच्या स्प्रिंगा घेऊन आले होते. सत्यशीला म्हणाली, ह्या आपल्या रस्त्याला चालायच्या नाहीत. दादांचा मित्र तानाजी, जो सावलीसारखा त्यांच्याबरोबर असतो, म्हणाला, "बाई, रेसची गाडी हाय. पाळणा न्हाई." दादांनी हट्ट धरला. तिनं बसवून दिल्या.

आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. दादा पत्नीला, गीताबाईंना, घेऊन नारायणगडाला देवदर्शनाला निघाले, आणि गीताबाई धक्क्यांना कंटाळून अर्ध्या वाटेत उतरून गावच्या जीपनं घरी आल्या. मग घाटात सरावाला गेले, तर ओढ्यावरच्या एका मोरीपुढच्या, डांबराच्या ठिगळाठिगळांच्या वळणावर गाडीनं उडी घेतली. चाक जमिनीवर असतं तर वळली असती. ते हवेत होतं. गाडी सरळ गटारात. फारसं लागलं कुणाला नाही, पण दादांचा चारचौघांत पाणउतारा झाला. बीडात चहाच्या हॉटेलात बसून ते म्हणाले, "बाईनं बसवल्यावर दुसरं काय होणार."

ते वाक्य सत्यशीलाच्या आधी तिच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचलं. ठरलेल्या तीन जीपा आल्याच नाहीत.

"मग आता त्याच्याच दारात जातीस?" अप्पांनी विचारलं.

"त्यांच्याच दारात जायला पायजे, अप्पा. दुसरीकडं जाऊन काय सांगू?"

अप्पांनी काटे दिले. हमालांना सांगून जीपमध्ये चढवूनही दिले.

तलवाड्यात कापसाच्या रिकाम्या गोदामात तिनं ते मांडले. फरशी सपाट आहे का ते पाणी ओतून पाहिलं. फळ्यांवरून गाडी वर घेतली, एकेका चाकाखाली एकेक काटा. दादा खांबाला टेकून उभे होते. ना बसा म्हणाले, ना जा म्हणाले. तिनं चारी आकडे वहीत लिहिले, मग म्हणाली, "दादा, आता आत बसा."

"मी कशाला?"

"गाडी एकटी थोडीच जाणार हाय घाटात."

दादा बसले. काट्यांवरचे आकडे हलले आणि थांबले. तिनं बेरीज केली, रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं. "एकशे चार."

तानाजी म्हणाला, "दादा, तुमी तर नव्वद म्हणत हुता."

"काटा चुकीचा हाय."

सत्यशीलानं मान वर केली नाही. "मोंढ्यातला हाय, दादा. तुमची तूर ह्याच्यावरच मोजली गेली. तवा बरोबर हुता का?"

गोदामाच्या दारात गीताबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिवून घ्या बाई. घरात त्यांना कुणी खरं सांगत न्हाई."

दादांनी काट्याकडे एकदा वाकून पाहिलं. मग हसले. त्या हसण्यानं माझं नशीब फिरलं.

सत्यशीलानं त्यांना वही दाखवून समजावलं. कुठल्या चाकावर किती भार, त्यात घाटातला खड्डा किती खोल. स्प्रिंग इतकी कडक नको की चाकाला खाली उतरताच येणार नाही. इतकी ढिलीही नको की वळणावर गाडी एका अंगाला लवंडेल. "खड्ड्यात चाक उतरलं पायजे. तुमी न्हाई."

चौदाच्या निघाल्या, आम्ही बसलो. गाडी तिनं दोन बोटं वर घेतली. दादांच्या बाजूला भार जास्त म्हणून माझ्या खालची, उंची लावायची आट्यांची कडी दीड फेरा वर फिरवली. तो दीड फेरा फक्त माझ्या वाट्याला आला, बाकी तिघींच्या नाही.

तरी दादांच्या मनातली भीती गेली नव्हती. सरावाच्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी ते हेल्मेट हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. तानाजी शेजारी बसायला तयार होईना. आधीच्या खेपेला डोकं आपटलेलं.

सत्यशीला म्हणाली, "स्प्रिंग मी निवडली. मी बसते." आणि तानाजीच्या हातातलं हेल्मेट घेऊन ती बसलीसुद्धा.

पहिली दोन वळणं दादांनी सांभाळून घेतली. मग गाडी मोकळी सोडली. मोरी दिसली, आणि पुढं तीच ठिगळं. दादांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जातोय हे मला भारावरून कळलं. सत्यशीला शांतपणे म्हणाली, "पाय काढू नका."

त्यांनी काढला नाही.

पहिलं ठिगळ आलं तशी मी दबले. लगेच खड्डा आला, मी लांब झाले आणि चाक खाली रेटलं. पुन्हा दबले. पुन्हा रेटलं. शॉकअपनं मला उसळू दिलं नाही, त्याचंही नाव घ्यायला हवं. एवढ्या धडपडीत एका क्षणासाठीसुद्धा मी ते चाक रस्त्यावरून सुटू दिलं नाही. गाडी वळली. दोन दिवाळ्या फळीवर काढलेल्या स्प्रिंगला त्या क्षणी काय वाटलं असेल, ते तुम्हीच समजा.

डाव्या बाजूची माझी बहीण नंतर म्हणाली, वळण संपेपर्यंत सत्यशीलानं दोन्ही पाय रोवून धरले होते. म्हणजे तीही घाबरली होती. घाबरलेली असूनही बसली होती.

वर सपाटीला दादांनी गाडी थांबवली. हेल्मेट काढून म्हणाले, "खड्डा कुटं गेला तेच कळलं न्हाई."

"कळायलाच न्हाई पायजे," ती म्हणाली.

स्पर्धेला त्यांच्या गटात नऊ गाड्या होत्या. दादा तिसरे आले. पहिला नंबर लातूरकडच्या एका पोरीनं नेला, आणि तिची गाडी खरोखरच सुरेख चालली होती. पण बीड जिल्ह्यातल्या गाड्यांत दादा सर्वांत पुढे होते.

मांडवात बक्षीस देताना माईक त्यांच्या हातात आला. राजकारणातला माणूस, लोक लांब भाषणाच्या तयारीनं बसले. ते म्हणाले, "महिन्यामागं मी बीडात चहाच्या हॉटेलात बोललो हुतो, की बाईनं बसवलं म्हणून गाडी गटारात गेली. ते खोटं हुतं. स्प्रिंग मी निवडलती, बाई नको म्हणत असताना. आजची सत्यशीलाताईंनी निवडली. तवा चार लोकांत बोललो हुतो. आज एवढ्या लोकांत परत घेतो."

एवढंच बोलून ते खाली उतरले.

सत्यशीला मांडवात नव्हतीच. मागं उभ्या गाडीखाली पाना घेऊन ती माझी कडी तपासत होती. कर्ण्यातून सगळं ऐकू येत होतं. तिचा हात थांबला. बराच वेळ पाना माझ्या कडीवर तसाच राहिला. मग तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि कडी आवळून घेतली.

याला आता दोन वर्षं झाली. माझा निळा रंग जागोजागी उडालाय, वेटोळ्यांत चिखल वाळून बसलाय. मध्ये एकदा तिनं मला काढून उभं केलं आणि लांबी मोजली. केसभरही कमी झाली नव्हती. तिनं ते वहीत लिहिलं.

तुम्ही कधी गाडीला स्प्रिंग घ्यायला गेलात, तर दुकानदाराला सगळ्यात कडक मागू नका. आपली गाडी किती जड, त्यात बसणारे किती, रस्ता कसला, एवढं त्याला सांगा. मग तो फळीवरून जी काढून देईल ती घ्या. तिचा आकडा लहान असला तरी हसू नका. ती ऐकत असते.